पूर्णेच्या पुरात पट्ट्याची चकती

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी खामगावहून गावी पोचलो तर गावात चिटपाखरू नव्हतं. दारं सताड उघडी, ओसऱ्या रिकाम्या, आमच्याही घरात फक्त शेळी. सगळं गाव नदीवर गेलं होतं. मी पिशवी ओट्यावर टाकली आणि तसाच नदीकडे पळत सुटलो.

पूर्णा दोन्ही थड्या भरून चालली होती. मातकट पाणी, त्यावर वाहत येणारी झुडपं, कडब्याच्या पेंढ्या, मधूनच एखादं अख्खं बाभळीचं झाड. आणि पलीकडच्या काठावर लाल-हिरव्या लुगड्यांचा एक घोळका. आमच्या गावच्या लेकी त्या. दरवर्षी पंचमीला त्या पलीकडच्या खेड्यांतून बैलगाडीनं काठापर्यंत यायच्या आणि भोयांच्या डोंग्यातून माहेरी उतरायच्या. यंदा नदी ऐन वेळी चढली आणि भोयांनी डोंगे ओढून वर झाडांना बांधून टाकले. त्या घोळक्यात माझी धाकटी बहीण होती. लग्नानंतरची तिची पहिली पंचमी. आई काठावर उभी राहून पदर हलवत होती आणि पलीकडून कोणीतरी पदर हलवत होतं. ती आपलीच लेक, असं आईचं म्हणणं. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं, पण वाद कोण घालणार?

गाव जमलं होतं ते मात्र पाटलांच्या मोटरबोटीसाठी. पुलासाठी नागपूरला अर्ज करून करून पाटील थकले होते. गेल्या हिवाळ्यात ते मुंबईला गेले आणि कुणा साहेबाची जुनी मोटरबोट घेऊन आले. मालगाडीनं ती जलंबला उतरली, तिथून एकीमागे एक जोडलेल्या बैलगाड्यांवर लांबीनं टाकून गावात आली. उन्हाळाभर ती नदीकाठी दोन मोठ्या दगडांवर बसून होती. पोरं तिच्या सावलीत गोट्या खेळत. आज तिची पहिली खरी परीक्षा. चाकावर बसला होता पूर्वी बुलढाण्याच्या रस्त्यावर लॉरी चालवणारा एक ड्रायव्हर, पाटलांनी मुद्दाम ठेवलेला. पुढच्या टोकाला बांबू घेऊन आमच्या गावचा म्हातारा भोई. त्याला हे यंत्र पटलेलं नव्हतं, पण नदी माहीत असलेला दुसरा माणूस गावात नव्हता.

मी पोचलो आणि बोट सुटली. इंजिन असं गर्जलं की झाडांवरचे बगळे उडाले. काठावर टाळ्या, शिट्ट्या. बोट सुंदर वळली, धारेच्या तोंडाशी गेली, आणि मला तो आवाज ऐकू आला. फटकन. जाड कापड एका झटक्यात टरकावं तसा. त्यानंतर इंजिनाचा सूर एकदम चढला, पण बोट जागीच राहिली. मग ती हळूच आडवी झाली आणि पाण्याबरोबर खाली चालू लागली.

"अबे, गेली! गेली!" लोक ओरडत काठाकाठानं पळाले. मीही पळालो. ड्रायव्हर वेगाची दांडी ओढतोय, इंजिन बोंबलतंय आणि बोट ओंडक्यासारखी वाहतेय. वाचवलं ते भोयानं. खालच्या वळणाशी पाणी काठाकडे लागतं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बांबू रोवून बोटीचं तोंड तिकडं वळवलं आणि कासरा फेकला. आम्ही पाच-पंचवीस जणांनी तो धरला आणि बोट बाभळीखालच्या चिखलात ओढून घेतली.

पाटील धापा टाकत आले. "काय झालं बे?"

"पाण्याखालचा पंखा गळून पडला जी," ड्रायव्हर म्हणाला. "पाण्यात गेला. आता मुंबईहूनच आणा लागते."

पाटील मटकन खाली बसले. पण माझ्या कानात तो फटकन आवाज घुमत होता. मी खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. हंगामात तिथं दिवसभर लाईनशाफ्टचा, पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याचा, आवाज कानात असतो आणि पट्टा तुटला, चावी निसटली, बोल्ट गेला, यातलं काय झालं ते आम्ही पाठ फिरवून सांगायचो. गळून पडलेल्या पंख्याचा आवाज असा नसतो. हे मला दुरुस्त करता येईल असं वाटलं.

सदरा काढून मी पाण्यात उतरलो. बोटीच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून चिखलाच्या पाण्यात हात घातला. पंखा जागेवर होता. पितळेची तिन्ही पाती शाबूत.

"पाटील, पंखा हाय!" मी ओरडलो. "ड्रायव्हर, गेर टाक. इंजिन बंद ठेव, नुसता गेर टाक."

त्यानं गेर टाकला. मी पातं धरून फिरवलं. गेर टाकल्यावर पंखा इंजिनाला बांधला जातो, हातानं हलता कामा नये. तो रहाटासारखा गरगर फिरला.

"मंधात कायतरी तुटलं," मी म्हणालो. "इंजिन धडधाकट, पंखा धडधाकट. दोघाईच्या मंधातलं नातं तुटलं."

काठाकाठानं बोट पहिल्या जागी माघारी ओढून आम्ही ती जुन्याच दोन दगडांवर बसवली. मी तळाच्या फळ्या उचलल्या आणि डोकं आत घालून आडवा झालो. "आता फिरवा पंखा!" बाहेर दोघांनी पंखा फिरवला. माझ्या नाकासमोर दोन लोखंडी तबकड्या होत्या, एक इंजिनाच्या दांड्यावर, दुसरी पंख्याच्या दांड्यावर. मागची फिरत होती. पुढची ढिम्म. दोघींच्या मधोमध बोल्टांनी आवळलेली जाड रबरी कापडाची चकती असायला हवी होती. तिच्या जागी होत्या नुसत्या चिंध्या.

"सापडलं!" मी इतक्या जोरात उठलो की कपाळ लाकडावर आपटलं. टेंगूळ चोळत मी त्या चिंध्या पाटलांच्या हातावर ठेवल्या. "हे कपलिंग. इंजिनाचा सगळा जोर या चकतीतून पंख्याले जाते. चकती फाटली, बस."

"म्हंजे मुंबई?"

"काऊन मुंबई? आमच्या जिनात पट्टे असतेत तसलाच माल हाय हा."

आणि तसलाच माल माझ्या घरी होता. मागच्या खेपेला मी बापासाठी जिनातल्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आणला होता, वहाणांच्या तळांसाठी. रबर पाजलेला जाड कॅनव्हास, बैलानंही फाटणार नाही असा. बापानं त्यातून एक जोड बेतला होता आणि उरलेला तुकडा धान्याच्या कणगीमागे ठेवला होता. मी तो मागितला तेव्हा बाप हसला. "घे बावा. अनवानी चालाची सवय हाय मले."

त्या दुपारी मी जे काम केलं तसं काम मी पुढे मोठमोठ्या कारखान्यांतही क्वचितच इतक्या आनंदात केलं असेल. तबकडी पट्ट्यावर ठेवून कोळशानं गोल आखला. चकती कापली. बोल्टांची भोकं पाडायला आईच्या चुलीत सळई तापवली. घरभर जळक्या रबराचा वास. आई नाकाला पदर लावून पुन्हा पुन्हा विचारत होती, "जमन ना रे?" मी म्हणत होतो, "जमते, जमते." दिवस मावळायच्या आत चकती दोन तबकड्यांत बसली. तबकड्या एकमेकींसमोर सरळ आहेत ना तेही त्याआधी पाहिलं होतं. दोघींमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पत्र्याची पट्टी घालून तपासली. चहूकडून सारखी. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पंचमीच्या सकाळी गाव पुन्हा नदीवर. पलीकडचा घोळकाही आला होता. रात्र त्यांनी काठावरच्या देवळात काढली होती असं नंतर कळलं. या वेळी मी पाटलांना म्हटलं, "आधी कासरा बांधून पाहू." बोट पाण्यात ढकलली, तिचा कासरा बाभळीला बांधला आणि ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. गेर टाकला. पंख्यानं पाणी मागे फेकलं, कासरा ताडकन ताणला गेला आणि लोक आनंदानं नाचायला लागले. पाटलांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. "वा रे मिस्त्री!"

"वाढव!" मी ड्रायव्हरला म्हणालो.

इंजिन वाढलं तशी पायाखाली थडथड सुरू झाली. आधी हलकी, मग दात वाजावेत एवढी. "बंद कर!" मी ओरडलो, पण तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. फटकन. कासरा सैल पडला.

मी फळ्या उचलल्या. नवी कोरी चकती बोल्टांच्या भोकांपाशी फाटली होती. पट्टा चांगला होता, भोकं चांगली होती, कालची बसवणी चांगली होती. मग का फाटली? चिडून मी चिंध्या ओढून काढल्या आणि तबकड्यांच्या मधल्या फटीत सहज करंगळी घातली. वरच्या बाजूला ती आरामात गेली. खालच्या बाजूला नखही जाईना.

मी दचकलो. काल तर फट चहूकडून सारखी होती! माझ्याच हातांनी तपासलेली. रात्रीत लोखंड कसं वाकलं? मी तबकड्यांकडे पाहत बसलो. बोट पाण्यावर हळू डुलत होती. तिच्या फळ्या करकरत होत्या, आणि त्या करकरीनंच माझ्या डोक्यात उजेड पडला. काल ही बोट दोन दगडांवर बसली होती. दोन टोकं टेकलेली, पोट मध्ये लोंबकळलेलं, आणि इंजिन त्या पोटात. आज तिला खालून सगळीकडे पाण्याचा आधार होता. लाकूड ते, त्यानं आपला आकार बदलला. मी तबकड्या जमिनीवरच्या बोटीत सरळ केल्या होत्या, चालवत होतो पाण्यावरच्या बोटीत. वाकडं फिरणारं कपलिंग प्रत्येक फेऱ्याला चकतीला पिळत होतं. कालची जुनी चकतीही त्यानंच गेली असणार.

"पाटील!" मी बोटीतून उडी मारून काठावर आलो. मी हसत होतो, आणि लोकांना वाटलं पोराचं डोकं फिरलं. "बोट पाण्यातच ठेवा! पाण्यातच दुरुस्त करा लागते! मले समजलं काऊन फाटली ते!"

पट्ट्याचा तुकडा अजून एक चकती निघेल एवढाच उरला होता. मी घरी पळालो आणि सुरी घेऊन बसलो तशी आई दारात आली.

"आज पंचमी हाय," ती म्हणाली.

माझा हात थांबला. पंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, जमिनीला नांगर लावत नाहीत. आईनं जन्मात त्या दिवशी भाजीसुद्धा चिरली नव्हती. समोर पाटावर काढलेला नागोबा, त्याच्यापुढे लाह्या, दुधाची वाटी. मी सुरी खाली ठेवली. उद्यापर्यंत थांबायचं म्हणजे पोरींची पंचमी गेली.

आई नागोबासमोर बसली. मग तिनं हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि माझ्याकडे वळली. "नागोबाले मी समजावून सांगतलं. त्याले बी बहिणी असतीन. तू काप."

"आन सळई? चूल?"

"तवा नाई ठेवाचा म्हंतात. सळईचं कोनी काई म्हनलं नाई." आणि तिनंच चुलीत काटक्या सारल्या.

पाण्यात बोट स्थिर धरायला गडी लागणार होते. गावातले जवान छातीएवढ्या पाण्यात दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि त्यांनी बोटीच्या कडा धरल्या. इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट मी सैल केले. पाटलांनी घासलेटचा रिकामा डबा आणवला. ड्रायव्हरनं त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या केल्या. काल ओशाळलेला ड्रायव्हर आज माझ्यापेक्षा जास्त पेटला होता. मी फट मोजायची आणि ओरडायचं, "पुढून उचल!" तो पहारीनं इंजिन केसभर उचलायचा, मी बैठकीखाली एक पट्टी सरकवायची, पुन्हा मोजायचं. "अजून!" "बस, बस!" "उतरव!" एकदा फट खाली जास्त झाली, एकदा डावीकडे. घाम डोळ्यांत जात होता, पाठीला तेल, कोपरं सोललेली, आणि बाहेर पाण्यातली पोरं विचारत होती, "झालं का मिस्त्री? पाय बधिर झाले!" शेवटी पत्र्याची पट्टी चहूबाजूंनी सारखीच सरकली. वर, खाली, दोन्ही बाजूंना. मी दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. मग बैठकीचे बोल्ट आवळले, चकती घातली, तिचे बोल्ट आवळले आणि वर तोंड काढून म्हणालो, "चालू कर."

कासरा बांधलेलाच होता. इंजिन सुरू झालं. गेर. पाणी मागे उसळलं. मी फळीवर तळहात टेकून बसलो. थडथड नाही. "वाढव." नाही. "अजून वाढव!" कासरा तारेसारखा ताणला, बाभळ वाकायला लागली आणि माझ्या तळहाताखाली फक्त एक एकसारखी घरघर. मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी.

"कासरा सोडा!" पाटील गरजले.

भोई पुढे, ड्रायव्हर चाकावर, मी कपलिंगशेजारी पालथा. आम्ही धारेत शिरलो तेव्हा बोट एका अंगावर कलली आणि पाण्याचा सपकारा माझ्या पाठीवर आला. मी नजर चकतीवरून हलवली नाही. भोई पुढून ओरडत होता, "उजवीकडं! आता सरळ! सरळ ठेव!" मधोमध आलो आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "झाड! झाड आलं! मागं घे!"

ड्रायव्हरनं गेर उलटा टाकला. इतका जोराचा झटका कपलिंगला बसेल असं मी मनातही आणलं नव्हतं. दोन्ही तबकड्या थरथरल्या, चकती क्षणभर पिळली गेलेली मला स्पष्ट दिसली. चकतीनं जोर पेलला. बोट मागे सरकली, आणि मुळांसकट एक निंबाचं झाड आमच्या समोरून सळसळत निघून गेलं. त्याच्या फांदीवर एक सरडा बसला होता. भोई मागे वळला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्राकडे हसून पाहिलं.

"पुढं घे!"

पलीकडच्या काठाला बोट लागली तेव्हा बाया आधी मागे सरल्या. इंजिनाच्या आवाजाला भिऊन. फक्त एकजण पाण्यात गुडघाभर उतरून पुढे आली. माझी बहीण. डोक्यावर गाठोडं, पायात नवी जोडवी.

"दादा, तू? तू काय करून राह्यला इथं? अन हे तोंड कायचं काळं केलं?"

"बस आधी. माय कालपासून वाट पाहून राह्यली."

ती बसली नाही. वाकून तळाच्या उघड्या फळ्यांतून आत पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आत. "अगो माय! हा तं बाबाच्या वहाणीचा पट्टा!" आणि ती जी हसत सुटली, ते ऐकून मागे सरलेल्या बायाही पुढे आल्या. बोट भरली. भोयानं पाण्याकडे पाहून बोटीत किती जणी बसतील ते ठरवलं आणि बाकीच्यांना हातानं थांबवलं. "घाबरू नोका. आताच येतो माघारी."

आम्ही परत येत होतो तेव्हा काठावरचे लोक पाण्यात धावत उतरले. बापांनी लेकींना उचलून घेतलं. आईनं बहिणीला धरलं आणि तिच्या गालावरून हात फिरवत राहिली. मग माझ्या तेलकट गालावरूनही फिरवला. तिचा तळहात काळा झाला, तो तिनं पदरालाच पुसला.

त्या दिवशी आम्ही फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर मी फळी उचलून चकतीला हात लावायचो. ती कोमट असायची, पण शाबूत. दुपार कलली तेव्हा पलीकडचा काठ रिकामा झाला होता. गावात वडाच्या झाडाला झोके बांधले गेले, त्यांच्या दोरांची करकर आणि बायांचे हाका मारल्यासारखे सूर नदीपर्यंत ऐकू येत होते. पाटील घरी गेले. ड्रायव्हर काठावर पाय पसरून विडी ओढत होता.

मी हात धूत होतो. भोई अजून बोटीतच होता. चाकापाशी उभा राहून तो दांडीकडे पाहत होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "हे वाढवाचं कसं, मले दाखव ना."

"आता? सगळे आले ना इकडं काका."

"म्हणूनच. आता कोनी बोटीत नाई." त्यानं बांबू खाली ठेवला आणि धोतराला हात पुसले. "एक चक्कर. तू अन मी."

मी उडी मारून आत शिरलो. त्याचा हात दांडीवर ठेवला, माझा हात त्याच्या हातावर. इंजिन सुरू झालं, त्यानं दांडी इतकी हळू ओढली की बोट जेमतेम हलली. मग तो माझ्याकडे पाहून हसला, माझा हात बाजूला सारला आणि एकदम पूर्ण ओढली.